सलाईनचा टॉवेल

आमच्या मांजरीचा, ठमीचा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही अजून दवाखान्यातच होतो, मी मोबाईलवर तो उघडून लाल अक्षरातले आकडे परत परत वाचत बसले होते आणि ती कॅरियरच्या जाळीतून माझ्याकडे बघत होती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, ७.४. फॉस्फरस वाढलेला, पोटॅशियम कमी. डॉक्टर म्हणाल्या, "किडनीचा आजार आहे, बराच पुढे गेलाय." माझे हातपायच गळले. ठमी तेव्हा १४ वर्षांची होती आणि त्या १४ वर्षांत तिला साधी सर्दी झालेली मला आठवत नव्हती.

नंतर आठवायला लागले तसं एकेक कळत गेलं. ती पाणी जास्त पीत होती आणि आम्ही खुश होतो, की चला, पाणी पितेय बाई. लिटर बॉक्समधले सू चे गोळे मोठे मोठे व्हायला लागले होते आणि सू ला वासही जवळजवळ नव्हता, तर आईला वाटलं नवीन लिटर चांगलं निघालं. खरं तर किडनीला सू घट्ट करणंच जमत नव्हतं, म्हणून नुसतं पाण्यासारखं बाहेर पडत होतं आणि ते भरून काढायला ती सारखी भांड्याशी जात होती. पाठीचा कणा हाताला लागायचा. एका ठिकाणी आधी दाखवलं होतं तेव्हा वय झालंय म्हणून सांगितलं आणि मीही ते ऐकून घेतलं, रक्त तपासा असं म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे १० वर्षांच्या वरचं मांजर असेल तर ते ठणठणीत दिसत असतानाच वर्षातून एकदा तरी रक्त, लघवी आणि बीपी तपासून घ्या हो. किडनीचा साधारण दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत मांजर वरून काही दाखवत नाही, आणि एकदा गेलेला भाग परत येत नाही.

तो ७.४ चा आकडा तेवढाच राहिला नाही हेही सांगते, कारण पहिल्या दिवशी लोक हाय खातात. तीन दिवस शिरेतून सलाईन दिल्यावर तो ५.६ वर आला. पहिल्या आकड्यात थोडा भाग आजाराचा असतो आणि थोडा अंगातलं पाणी आटल्याचा, त्यामुळे स्टेज ठरवायची ती पाणी भरून काढल्यावर. क्रिएटिनिन ५ च्या वर म्हणजे आयरिसच्या (प्राण्यांच्या किडनीच्या आजाराच्या स्टेज ठरवणारी संस्था) हिशोबात चौथी, शेवटची स्टेज. आणि क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून, म्हणजे मांजर खंगलेलं असेल तर आकडा असायला हवा त्यापेक्षा कमीच दिसतो, म्हणून डॉक्टर सोबत एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्ततपासणी पण करायला सांगतात, त्यावर स्नायूंचा परिणाम होत नाही. हे सगळं मला पाठ झालं होतं. पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे.

घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस मी सगळं बरोबर केलं. अगदी तक्ता करून फ्रिजवर लावला होता. सकाळी मळमळीची गोळी, जेवणात फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर, दुपारी पोटॅशियम, संध्याकाळी बीपीची गोळी, रात्री कातडीखाली १०० मिली सलाईन. ती जिथे असेल तिथे जाऊन मी द्यायचे, म्हणजे गादीवर झोपली असेल तर झोपेतून उचलून, खिडकीत असेल तर खिडकीत, खात असेल तर तिथेच मागून पकडून, कारण तेव्हा ती सापडायची. आणि एक दिवस मी ऑफिसमधून आले, चप्पल काढली, आणि माझा आवाज ऐकून ठमी कपाटाखाली गेली. १४ वर्षं ही बाई दाराशी येऊन माझ्या पायात घुटमळायची. मी जमिनीवर आडवी होऊन कपाटाखाली बघितलं तर अगदी मागच्या भिंतीला चिकटून बसली होती, कान मागे पाडलेले, आणि मी हात आत घातल्यावर तिने बोचकारलं वगैरे काही नाही, फक्त डोळे मिटून घेतले. मी तिथेच रडले.

आई दारात उभी होती, ती म्हणाली, "अगं, तिला वाचवायच्या नादात तू तिला एकटी पाडलीस." तेव्हा मला ते लागलं. पण बरोबर होतं. हिच्याकडे किती महिने आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते जे काही असतील ते तिने माझा धसका घेऊन कपाटाखाली काढायचे असतील तर त्या आकड्यांचं मी काय करणार होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारलं, यातलं काय दिलंच पाहिजे आणि काय सोडलं तर चालेल. असं विचारता येतं हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी शांतपणे एकेक औषध घेतलं, दोन गोष्टी कमी केल्या, एकाची वेळ बदलून दुसऱ्याबरोबर जोडली. तुम्हीही विचारा, खरंच. मनाने मात्र काही बंद करू नका आणि मनाने काही सुरू तर अजिबात करू नका, माणसाची पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठते आणि दुखण्यावरच्या बाकीच्या गोळ्याही किडनीला घातक ठरू शकतात.

मग घरात नियम केला. औषध फक्त एकाच जागी, बाहेरच्या खोलीत वॉशिंग मशीनवर, एक जुना हिरवा टॉवेल अंथरून. तो टॉवेल अंथरला की औषध, टॉवेल उचलला की संपलं. गादीवर, खिडकीत, खाण्याच्या भांड्याशी तिला कोणीही औषधासाठी हात लावायचा नाही, वेळ टळली तरी चालेल. झोपली असेल तर उठेपर्यंत थांबायचं. आणि प्रत्येक औषधामागे दिवसातून तीन-चार वेळा तरी नुसतंच तिच्याशेजारी जाऊन बसायचं, काही न करता, हातात काही न घेता. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं कारण बसलं की नजर आपोआप हिरड्यांकडे आणि पोटाकडे जायची, आज किती बारीक झाली वगैरे, आणि तिला ते कळायचं. त्यांना कळतंच.

सलाईनबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण त्याचीच सगळ्यांना भीती वाटते, मलाही वाटली होती. आम्हाला रिंगर लॅक्टेट दिलं होतं. ग्लुकोजवालं डेक्स्ट्रोज कातडीखाली द्यायचं नाही, दुकानातून घेताना बाटलीवरचं नाव नीट वाचून घ्या. किती मिली आणि किती दिवसांनी हे तुमचे डॉक्टर मांजराच्या वजनावर आणि हृदयावर ठरवतील. पहिल्यांदा दवाखान्यात त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने देऊन बघा, नुसतं बघून येऊ नका. सुईचा नंबर जेवढा लहान तेवढी सुई जाड, हे उलटं असतं. मी आधी दया येऊन बारीक सुई मागून घेतली होती तर १०० मिली जायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ कुठलं मांजर बसतं, मग १८ नंबरची घेतली, टोचताना जरा जास्त कळतं पण चार-पाच मिनिटांत मोकळं.

बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायची, मायक्रोवेव्हमध्ये नाही. दोन थेंब मनगटावर टाकून बघायचे, लहान बाळाच्या दुधाचं बघतो तसं, काही जाणवलं नाही म्हणजे बरोबर. थंड सलाईन आत गेलं की ठमीच्या पाठीवरची कातडी थरथरायची आणि ती उठून जायची, कोमट असलं की बसून राहायची, एवढा फरक. बाटली वर टांगायची, जेवढी उंच तेवढी धार जोरात. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून उचलली की छोटा तंबू होतो, त्या तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर सुई आत घालायची. हाताला ओलं लागलं तर समजायचं आरपार गेली, काढा आणि परत घाला. मग तिथे पाण्याचा फुगा तयार होतो, लिंबाएवढा, नंतर मोठा, आणि तो हळूहळू ओघळत पुढच्या पायापर्यंत उतरतो, म्हणजे अर्धा तास आमच्या बाई एका बाजूने पैलवानासारख्या दिसायच्या. पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो पण काही तासांत ते अंगात मुरतं. सुई काढल्यावर ती जागा मिनिटभर बोटांनी दाबून धरायची. दर वेळी नवीन सुई, आणि बाटलीतलं पाणी गढूळ दिसलं तर सरळ फेकून द्यायची.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आधीचं सलाईन मुरलेलं नसेल, फुगा तसाच असेल, तर वरून अजून देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. आणि मांजर गाढ झोपलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजायची सवय लावा, छाती वर येऊन खाली गेली की एक. ३० च्या आत असायला हवा. सारखा वर जायला लागला तर अंगात पाणी साठत असू शकतं, विशेषतः हृदयाचाही त्रास असेल तर, आणि त्यात उद्या बघू चालत नाही. ठमीचे २२-२४ असायचे. रात्री जाग आली की मी अंधारात मोजायचे.

खाण्याचं तर काय सांगू. किडनीचं खास खाणं मिळतं, त्यात फॉस्फरस कमी असतो आणि प्रोटीन बेताचं, आणि त्याचा उपयोग होतो यात शंका नाही, सुरुवातीच्या स्टेजला असाल तर चिकाटीने तेच लावा, जुन्यात थोडं थोडं मिसळत, आठवडे लागले तरी. पण मी चूक अशी केली की दवाखान्यातून घरी आल्या दिवशीच, तिला मळमळत असताना, तेच पुढे ठेवलं. मांजराला मळमळताना जे खायला द्याल त्याचा ते कायमचा तिटकारा घेतं. तिने पुन्हा ते तोंडी लावलं नाही, कुठल्याच कंपनीचं. भूक नसणं आणि मळमळणं यातला फरकही मला उशिरा कळला. भूक नसलेलं मांजर भांड्याकडे जातच नाही. मळमळणारं मांजर जातं, वास घेतं, जिभल्या चाटतं, एकदा तोंड खाली नेतं आणि मागे फिरतं, आणि कधी कधी भांड्याभोवतीची फरशी पंजाने खरवडतं, जसं काही ते खाणं पुरून टाकायचंय. ठमी हे करायची आणि मला वाटायचं नखरे करतेय. मॅरोपिटंट आणि ऑन्डान्सेट्रॉन ही मळमळीची औषधं नियमित सुरू झाल्यावर ती खायला लागली, आणि भुकेसाठी मिर्टाझापीन, त्याचं कानाच्या आत लावायचं मलमही असतं, गोळी न घेणाऱ्यांसाठी ते बरं.

डॉक्टरांचं एक वाक्य मी धरून ठेवलं, "न खाल्लेल्या चांगल्या खाण्यापेक्षा खाल्लेलं साधं खाणं बरं." मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून तिथेच नवीन संकट उभं राहतं. म्हणून ती जे खाईल ते, फक्त त्यात फॉस्फरस बांधणारी पावडर मिसळायची, ती जेवणासोबतच पोटात गेली पाहिजे, मागाहून दिली तर उपयोग नाही. सुदैवाने आमच्या पावडरीला चव नव्हती. कडू औषधं मात्र खाण्यात लपवणं मी बंद केलं, कारण एकदा पकडलं की औषधही जातं आणि ते खाणंही जातं. गोळी टॉवेलवर, सरळ तोंडात, आणि वरून सिरिंजने थोडं पाणी, कोरडी गोळी घशात अडकते. ओलं खाणं थोडं कोमट करून, पसरट बशीत, म्हणजे मिश्या कडेला लागत नाहीत, आणि बशी जरा उंचावर ठेवून, कारण मान खाली घालून तिला बरं वाटत नसे. दिवसातून सहा-सात वेळा, चमचा चमचा. तोंडाला उग्र वास यायला लागला किंवा खाताना एकदम दचकून मागे सरकलं तर तोंडात अल्सर झालेत का बघायला सांगा.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. मान खाली लोंबायला लागली, मागचे पाय टाचेवर टेकवून चालायला लागलं तर पोटॅशियम कमी झालंय का बघा. बीपी १६० च्या वर राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं, म्हणून अॅम्लोडिपिन, ती बीपीची गोळी, एक दिवसही न चुकवता. शी कडक, सुक्या गोळ्यांसारखी झाली तर तीही पाणी कमी पडल्याची खूण, कुंथून कुंथून उलटी करतात आणि आपल्याला वाटतं किडनीमुळेच, ठमीला लॅक्टुलोज, म्हणजे शी मऊ करणारं औषध, सुरू केल्यावर तिच्या निम्म्या उलट्या थांबल्या. लिटर बॉक्स कमी कडेचा घ्या आणि एक जास्तीचा ठेवा, एवढी सू होत असताना लांब जायला लावू नका, आणि बाहेर झाली तर रागावू नका. पाण्याची भांडी प्रत्येक खोलीत. वजन आठवड्यातून एकदा, बाळांच्या काट्यावर, नाहीतर तिला घेऊन स्वतः उभं राहून मग स्वतःचं वजा करायचं, पण मांजराला १०० ग्रॅमही खूप असतात म्हणून बाळांचा काटाच बरा. आणि घरात लिलीची फुलं कधीही आणू नका, निरोगी मांजराची किडनीसुद्धा त्याने जाते, परागकण अंगावर पडून चाटले तरी.

मांजरांनाच हे इतकं का होतं असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. जपानमध्ये तोरू मियाझाकी नावाचे संशोधक एआयएम नावाच्या एका प्रोटीनवर काम करतायत, किडनीतल्या नळ्यांमधला कचरा साफ व्हायला ते मदत करतं, आणि त्यांचं म्हणणं असं की मांजराच्या रक्तात ते दुसऱ्या एका प्रोटीनला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की कामासाठी सुटतच नाही. त्यावरून औषध व्हावं म्हणून २०२१ मध्ये तिथल्या मांजरवाल्यांनी भरभरून पैसे दिले होते. ठमीच्या वेळेपर्यंत काही ते आमच्यापर्यंत आलं नाही, पण कोणाच्या तरी ठमीला मिळू दे.

टॉवेलचा नियम केल्यावर साधारण तीन आठवड्यांनी ती परत दाराशी यायला लागली. आधी नुसती खोलीच्या कडेला उभी राहायची, मग अर्ध्यापर्यंत, मग एक दिवस पायात. आणि नंतर असं झालं की रात्री नऊला मी बाटली कोमट करायला ठेवली की भांड्याचा आवाज ऐकून ती स्वतःच वॉशिंग मशीनशी येऊन बसायची, मी उचलून वर ठेवायचे, कारण तिला उडी जमत नव्हती. तिला सलाईन आवडायचं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर तासाभराने तिला बरं वाटायचं, ती उठून स्वतःला चाटायची, आणि मग आमचं विंचरणं असायचं, मला वाटतं तिने ते सगळं एकत्र जोडून ठेवलं होतं. सुई आत असताना ती घुरघुरायची. मांजर त्रासातही घुरघुरतं हे मला माहितेय. तरी.

असे अकरा महिने मिळाले. चौथ्या स्टेजला ते खूप आहेत, सगळ्यांना मिळत नाहीत, आणि कमी मिळाले म्हणून कोणी कमी केलं असंही नाही. वजन ३.४ वरून २.३ वर आलं. शेवटच्या महिन्यात आईने कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केली, चांगला दिवस असेल तर गोल, वाईट असेल तर फुली. स्वतः खाल्लं का, स्वतःला चाटलं का, खिडकीपर्यंत गेली का, एवढंच बघून. गळ्यातून नळी घालून खाणं देता येतं, त्याने कित्येक मांजरं छान जगतात, आम्हीही त्याचा विचार केला होता, पण ठमीच्या रक्तात तोपर्यंत हिमोग्लोबिन इतकं उतरलं होतं की भूल देणंच धोक्याचं होतं. मग एका आठवड्यात पाच फुल्या आल्या. सहाव्या दिवशी तिने पाणीही सोडलं, भांड्यावर तोंड ठेवून नुसती बसून राहिली, हनुवटी ओली. मी डॉक्टरांना फोन केला आणि त्या म्हणाल्या, उद्या सकाळी मी घरी येते.

त्या रात्री सलाईन द्यायचं नाही असं ठरलं होतं, श्वासही वाढला होता. मी भांडं काढलं नाही, बाटली गरम केली नाही. नऊ वाजून गेले आणि मी आतल्या खोलीत होते, आईने हाक मारली, "अगं, ही बघ कुठे गेली." ठमी हळूहळू, भिंतीला अंग टेकवत, बाहेरच्या खोलीत गेली होती आणि वॉशिंग मशीनसमोर बसली होती, वर बघत. मी हिरवा टॉवेल अंथरला, तिला उचलून त्यावर ठेवलं आणि कंगवा घेतला. मानेपासून सुरुवात केली, जिथे रोज टोचायचे तिथे केस जरा विरळ झाले होते तेवढं सोडून.